वजा एक

१

१२ मे १९९९, बुधवार. सकाळी आठलाच ऊन टोचू लागलेलं. दुपारी पारा पंचेचाळीसवर. वारा पश्चिमेचा, कोरडा, धुळीचा. आभाळ पांढरं.

एवढं वहीत लिहून रुपचंद फिरकेनं पेनाला टोपण लावलं आणि वही काखेत मारली. फैजपूर रस्त्यावरच्या केळी उत्पादक संघात तो बावीस वर्षं वजनकाट्यावर होता, आणि ही सवय काट्यावरचीच होती. आधी तारीख, मग हवा, मग दिवसभरात काय केलं ते, आणि शेवटी एक ओळ : निकाल. त्या ओळीत मत लिहायचं नाही, घडलं तेवढंच लिहायचं, असा त्याचा नियम होता. घरी अशा वह्यांची पेटी भरली होती. बायको झुंबरबाई म्हणायची, तुमच्यापेक्षा त्या पेटीलाच जास्त आठवतं.

गेल्या उन्हाळ्यात काट्यावर भर दुपारी तो दोनदा कोसळला होता. दुसऱ्या खेपेला शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली. डॉक्टरांनी सांगितलं की तिसऱ्यांदा ऊन लागलं तर माझ्याकडे आणायची तसदी घेऊ नका. त्यामुळे जानेवारीत संघाचा कॉम्प्युटरवाला अभिमन बोरोले नोकरी सोडून गेला, तेव्हा ते काम रुपचंदनं स्वतःहून मागून घेतलं. तो काही शिकलेला नव्हता. झेरॉक्स काढलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, मुलीच्या शाळेतला शब्दकोश होता, आणि चिकाटी होती. चार महिन्यांत तो सर्व्हर चालवायला शिकला. सावदा, रावेर, यावल इथल्या शाखा फोन जोडून या सर्व्हरवरचं पान उघडत. कुठली खोली रिकामी, कुठलीत माल पिकतो आहे, कुठलीत माणसं काम करताहेत, ते त्यांना तिथे बसून दिसे.

संघाचे सेक्रेटरी रतिलालभाऊ यांनी त्याला त्या बुधवारी बोलावून घेतलं. सोमवारी सतरा तारखेला चेअरमन आबांच्या हस्ते नव्या व्यवस्थेचं उद्घाटन होतं. त्या दिवशी सर्व्हर चालला तर रुपचंद या जागेवर कायम. बंद पडला तर दुसरा माणूस बघू, आणि मंगळवारपासून त्यानं परत काट्यावर बसावं. रतिलालभाऊंनी हे रागानं सांगितलं नाही. चहा मागवून सांगितलं.

सर्व्हर मात्र आठवडाभर रोज दुपारी एक चाळीसला बंद पडत होता.

२

सर्व्हर ठेवला होता चार नंबरच्या पिकवणखोलीत.

संघात केळी पिकवायच्या सहा खोल्या होत्या. जाड भिंती, खिडकी नाही, दाराला आतून बुच आणि पत्रा, हवा बाहेर जायला फट नाही. दार उघडायचं हँडल फक्त बाहेरून. दाराच्या मध्यावर तळहाताएवढी जाड काच होती, बाहेरून डोकावून माल बघायला. चार नंबरची खोली मालाला लहान पडायची म्हणून पडून होती, आणि उन्हाळ्यात मशीनला मानवेल एवढी थंड जागा संघात दुसरी नव्हती. अभिमननंच ती निवडली. सर्व्हरचा डबा कुणी हात लावू नये म्हणून कुलूपबंद लोखंडी जाळीत होता. जाळीबाहेर, खोलीतल्याच टेबलावर, मॉनिटर आणि कीबोर्ड. मधोमध केळीचे घड टांगायची लोखंडी मांडणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

या खोल्यांचा एक जुना रिवाज होता. प्रत्येक कामगाराला नंबरचा पितळी बिल्ला मिळे. ऑफिसातल्या फळ्यावरून आपला बिल्ला उचलायचा, खोलीत शिरताना दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायचा, बाहेर आलं की काढून फळ्यावर परत लावायचा. दार बंद करण्याआधी राखणदार सुपडू बाहेर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण मारी आणि हाक देई. आत पंख्यांचा एवढा आवाज असे की माणसाची ओ बाहेर ऐकू येत नसे. म्हणून आत असेल त्यानं मांडणीच्या लोखंडावर टोला द्यायचा. एक माणूस, एक टोला. लोखंडाचा आवाज भिंतीतून बाहेर येतो. सुपडू टोले मोजी, खिळ्यावरचे बिल्ले मोजी. कुणी नसेल तरच दार लागे.

अभिमन हुशार होता. त्यानं मांडणीला कान लावावा तसं एक यंत्र चिकटवलं आणि टोले मोजायचं मॉड्यूल, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहून सर्व्हरमध्ये बसवलं. त्याचं नाव ‘हजेरी’. आता पुण्याच्या पार्टीकडून दुसरं मॉड्यूल आलं होतं, ‘कुलूप’. खिळ्याखाली बसवलेल्या बटणावरून ते बिल्ले मोजी. रोज दुपारी एक चाळीसची वेळ झाली की घंटा वाजवायची, हजेरीला टोले विचारायचे, आपले बिल्ले बघायचे, दोन्हीकडे शून्य आलं की दाराची कडी टाकायची आणि आतला दिवा व मॉनिटर घालवायचा. एवढंच त्याचं काम. कडी काढायचं काम त्याच्याकडे नव्हतं. ते बाहेरच्या हँडलचं आणि माणसाच्या हाताचं.

रुपचंद आत बसे तेव्हा दार लोटलेलं असे आणि फटीत अर्धी वीट. ती वीट त्यानं स्वतः शोधून आणली होती.

३

काट्यावर वजन चुकलं तर तो एकेक गोष्ट काढून बघे : आधी फळी, मग स्प्रिंग, मग वजनं. इथेही त्यानं तेच केलं. सर्व्हरच्या रचनेच्या फाइलमध्ये प्रत्येक मॉड्यूलची एक ओळ असते. तिच्या पुढे एक खूण घातली की ती ओळ झोपते.

गुरुवारी त्यानं ‘कुलूप’ झोपवलं. नुसती ‘हजेरी’ तासभर चालली. मग ‘हजेरी’ झोपवली. नुसतं ‘कुलूप’ चाललं. दोघांना एकत्र जागं केलं की एक चाळीसला घंटा, दहा सेकंद शांतता, आणि सर्व्हर आडवा. सावद्याहून फोन, रावेरहून फोन.

त्यानं चुकांची नोंद उघडली. सर्व्हर मरताना त्यात शेवटची ओळ लिहून जातो. रोजची ओळ एकच होती :

खोली ४. हजेरी १. खिळा ०.

एक जण म्हणतो आत माणूस आहे, दुसरा म्हणतो नाही. दोघंही आपलं सोडेनात, एकमेकांच्या उत्तराची वाट बघत राहतात, आणि त्या वाट बघण्यात सर्व्हरचा जीव जातो. चूक सापडली म्हणून रुपचंदला बरं वाटलं. अभिमननं मोजणी शून्याऐवजी एकापासून सुरू केली असणार. पण त्यानं बाकीच्या खोल्या बघितल्या. एक, दोन, तीन, पाच, सहा : रिकाम्या असताना सगळीकडे शून्य. फक्त चारमध्ये एक.

अभिमनचं लिखाण त्यानं ओळ न् ओळ वाचलं. स्वच्छ होतं. एका ठिकाणी त्यानं मराठीत टीप लिहून ठेवली होती : घाबरलेला माणूस पुष्कळ टोले देतो. लागोपाठचे सगळे मिळून एकच धरावेत. रुपचंदला ती टीप आवडली. हा माणूस खोल्यांमध्ये वावरलेला आहे, असं त्याला वाटलं. ती त्यानं वहीत उतरवून घेतली.

नंतर ‘कुलूप’ झोपलेलं ठेवून त्यानं स्वतः आत बसून चाचणी घेतली. बिल्ला क्रमांक एकतीस खिळ्याला टांगला, घंटा वाजवली, आणि बोटातल्या तांब्याच्या अंगठीनं मांडणीवर एक टोला दिला. पडद्यावर आलं : हजेरी २.

४

त्यानं सुपडूला विचारलं.

सुपडू पिंपळनेरकडचा. वीस वर्षांपूर्वी आला तो इथेच राहिला, पण बोली सोडली नाही. तो विडी पेटवता पेटवता थांबला.

“एक टोला जास्तीना वाजस भाऊ, चारमझार,” तो म्हणाला. “आजना नही. अभिमनभाऊ गया तैनपासून.”

मग कुणाला सांगितलं का नाहीस, असं रुपचंदनं विचारलं. सुपडूनं सांगितलं होतं. सेक्रेटरींनी त्याला विडीत काय भरतोस ते विचारलं होतं. पहिल्या दिवशी तो बॅटरी घेऊन आत जाऊन आला. कोणी नाही. दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवसापासून जात नाही. दार नुसतं लोटून ठेवायला हरकत नाही, पण कडी टाकायला हात धजत नाही, म्हणाला.

अभिमन कसा गेला, ते रुपचंदला ऐकून माहीत होतं. तरी त्यानं पुन्हा विचारलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो चारमधून बाहेर आला. सुपडूनं पाहिलं. खिळ्यावरचा बिल्ला त्यानं काढला, फळ्यावर नेऊन लावला, फाटकातून चालत गेला. नंतर सुरतेला नोकरी लागली असं कुणीसं सांगितलं. बिल्ला क्रमांक सतरा अजून फळ्यावर होता. म्हणजे माणूस बाहेर गेला, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

“एकच,” सुपडू म्हणाला. “तो बिल्लाले रोज नखनी दोन टिचक्या मारे. टिंग टिंग. आनि रामराम करे. त्या दिनले बिल्ला बी वाजाडा नही, नि रामराम बी करा नही.”

रुपचंद हसला नाही. त्यानं सुपडूला समजावून सांगितलं. दुपारी गारवा करणारं यंत्र जोरात सुरू होतं, लोखंड थंड होऊन आकसतं, आकसलं की वाजतं. उन्हाळ्यात पत्रे वाजतात, तसंच. यात माणसाचा काही संबंध नाही.

“तुम्ही म्हनतस तर आसंच व्हई,” सुपडू म्हणाला आणि विडी ओढू लागला.

“असंच आहे. चार नंबरमध्ये एक टोला आला आणि खिळ्यावर बिल्ला नसला, तर तू खुशाल दार लाव. माझ्यावर घाल.”

हे त्यानं वहीतही लिहिलं : सुपडूला समज दिली.

५

पण जे सांगितलं ते तपासून बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. शुक्रवारी त्यानं गारव्याचं यंत्र सकाळपासून बंद ठेवलं. खोली गार नाही, गरम नाही, लोखंडाला आकसायला काही कारण नाही. पंखेही बंद केले. आवाज असा उरलाच नाही. जाळीतल्या डब्याची बारीक घरघर तेवढी येत होती. फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती, तिच्यात धूळ तरंगत होती. चाचणीची घंटा लावून तो मांडणीच्या एका टोकाला उभा राहिला आणि तळहात लोखंडावर ठेवला.

घंटा वाजली. त्यानं टोला दिला नाही.

सात सेकंदांनी लोखंडातून ठोका आला. आधी तळहाताला कळला आणि मग कानाला. लोखंड आपोआप वाजतं तेव्हा आवाज सगळीकडून येतो. हा एका जागेवरून आला होता, मांडणीच्या दुसऱ्या टोकाकडून, साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवरून. तिथे भिंत होती. भिंतीला पोपडा धरला होता. मांडणी आणि भिंत यांत वीतभर अंतर.

तो तिथवर चालत गेला. त्या जागचं लोखंड हाताला कोमट लागलं.

हाताला लागलं तसंच लिहायचं, म्हणून त्यानं लिहिलं : दुसऱ्या टोकाचं लोखंड कोमट. कारण सापडलं नाही. मग बाहेर येऊन उन्हात उभा राहिला. बरंच ऊन होतं, तरी त्याला आत जावंसं वाटेना. काट्याची केबिन समोर दिसत होती. पत्र्याची, दोन्ही बाजूंनी उघडी. नवा माणूस डोक्याला ओला पंचा बांधून बसला होता.

एक ट्रॅक्टर काट्यावर आला. भरलेला. काट्यावरचा माणूस वहीत काहीतरी लिहीत होता, आणि काय लिहीत होता ते रुपचंदला इतक्या लांबून, न बघता कळलं. गाडीचं रिकामं वजन. आधी ते वजा करायचं, मग उरतो तो माल. बावीस वर्षांत त्यानं हजारो गाड्यांचं रिकामं वजन वजा केलं होतं. गाडी कशाची बनली आहे, ती एवढी जड का, असं कधी कुणी विचारत नाही. ती आहे तेवढी आहे. वजा करून पुढे जायचं.

तो परत आत गेला. ‘हजेरी’ आणि ‘कुलूप’ यांच्या मध्ये त्यानं एक ओळ लिहिली. खोली चारचे जेवढे टोले येतील त्यातून एक वजा करावा, आणि उरेल तो आकडा पुढे द्यावा. दोन्ही मॉड्यूल जागी केली, बिल्ला काढून घेतला, बाहेर येऊन वीट बाजूला सारली.

एक चाळीस. घंटा. भिंतीतून एक टोला. मग खट्‌कन कडी पडली. काचेआडचा दिवा गेला.

ऑफिसातून पुष्पाबाई टायपिस्ट ओरडून म्हणाली की पान चालू आहे, खोली चार रिकामी दाखवतंय. सावद्याहून फोन आला नाही. रुपचंद पाच मिनिटं थांबला, दहा मिनिटं थांबला. सर्व्हर चालत राहिला.

निकाल : चालला.

६

शनिवारी चालला. रविवारीही चालला.

रतिलालभाऊंनी पाठीवर हात ठेवला. पुष्पाबाईनं विचारलं, पेढे सोमवारी का मंगळवारी. सुपडूनंही आता कडी आपोआप पडते म्हणून हाताला काम उरलं नाही अशी तक्रार केली, पण सर्व्हरच्या तारा आत न्यायला भिंतीत पाडलेल्या भोकाशी तोंड नेऊन हाक मारायची सवय त्यानं सोडली नाही. घंटा वाजली की तो हाक मारी, एक टोला येई, तो मान डोलावी. “रोजना शे,” म्हणे.

फक्त एक गोष्ट रुपचंदनं रविवारी वहीत लिहिली आणि मग बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसला. इतके दिवस तो टोला बोथट असे, तळहातानं दिल्यासारखा. रविवारी तो बारीक आणि टणक आला. धातूवर धातू. रुपचंदनं घरी आल्यावर बोटातली अंगठी काढून स्वयंपाकघरातल्या कढईवर आपटून बघितली. झुंबरबाईनं काय करताय म्हणून विचारलं. तो म्हणाला, काही नाही.

झोपायच्या आधी त्यानं ठरवलं की उद्घाटन होऊ द्यावं आणि मंगळवारी सर्व्हर दुसऱ्या खोलीत हलवायची परवानगी मागावी. कारण काय सांगायचं ते सुचलं नाही.

७

सोमवारी संघाच्या अंगणात मांडव घातला होता. केळीचे खांब, कर्णा, खुर्च्या. ऑफिसच्या ओट्यावर टेबल मांडून त्यावर पुष्पाबाईचा कॉम्प्युटर आणला होता. बरोबर एक चाळीसला आबांनी एक बटण दाबायचं, की चार नंबरची घंटा वाजणार, कडी पडणार, आणि सगळ्या शाखांना ते दिसणार.

सकाळी वीज गेली होती, म्हणून सर्व्हर पुन्हा नीट उभा राहिला आहे ना ते आत जाऊन बघणं भाग होतं. एक पंचवीसला रुपचंदनं फळ्यावरून बिल्ला घेतला, वही ऑफिसच्या टेबलावर ठेवली, आणि चारकडे गेला. बिल्ला खिळ्याला टांगला. पाहुणे येणार म्हणून कुणीतरी उंबरा धुऊन रांगोळी काढली होती. वीट दिसेना. ती मांडवातल्या कुंडीला टेकण दिलेली होती. पाच मिनिटांचं काम आहे, असं मनाशी म्हणून तो आत गेला. दार त्याच्या मागे आपल्या वजनानं टेकलं. त्यानं वळून ढकलून बघितलं. उघडत होतं.

दोन्ही मॉड्यूल जागी होती. वजाबाकीची ओळ जागेवर होती. त्यानं एक चाचणी घंटा दिली, आतल्या आत वाजणारी, नुसती हजेरी घेणारी, आणि अंगठीनं टोला दिला. आपला एक, रोजचा एक, वजा एक, बाकी एक. खिळ्यावर बिल्ला एक. जमायला हवं होतं.

पडद्यावर आलं : हजेरी १. वजा १. बाकी ०.

त्यानं पुन्हा घंटा दिली आणि यावेळी टोला दिला नाही. दहा सेकंद गेले. पंख्यांचा आवाज तेवढा होता. हजेरी ०.

रोजचा टोला आला नव्हता.

त्यानं मांडणीच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. तिथे जाऊन लोखंडाला हात लावला. गार होतं. बाकी मांडणीएवढंच गार. चार महिन्यांत पहिल्यांदा ती खोली त्याला रिकामी वाटली. लोखंडातलं काही सैल झालं असेल. कानासारखं चिकटवलेलं ते यंत्र निसटलं असेल. तो वाकून यंत्र तपासू लागला. पक्कं होतं. घड्याळात एक अडतीस झाले होते. आता बाहेर जायला हवं, वजाबाकीची ओळ काढायची का ठेवायची हे बाहेर जाऊन ठरवू, असं म्हणत तो सरळ झाला, आणि त्याची नजर पडद्यावर गेली.

खिळा ०.

त्याचा बिल्ला खिळ्यावर नव्हता.

तारांच्या भोकातून अंगणातला आवाज बारीक होऊन आत येत होता. कर्ण्याची खरखर, खुर्च्या सरकल्याचा आवाज. त्यात अगदी जवळून, दाराला लागून, पितळेवर नखाच्या दोन टिचक्या ऐकू आल्या. टिंग टिंग.

“निंघनात का रुपचंदभाऊ?” सुपडूचा आवाज आला. “चला, आबा बोलावतस.”

सुपडूला कुणी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. रुपचंद आतून ओरडला, ते पंख्यांच्या आवाजात बुडालं.

घंटा वाजली.

त्या क्षणी दाराकडे धावायला हवं होतं. पण एवढी वर्षं संघात काढलेल्या माणसाचं अंग घंटेला एकच गोष्ट करतं. रुपचंदचा हात वर गेला आणि त्यानं मांडणीवर टोला दिला. दिल्यावर त्याला कळलं. मग तो देतच सुटला, दुसरा, तिसरा, दहावा, अंगठीनं, मुठीनं, दोन्ही हातांनी, आणि लोखंड थरथरत असताना पडद्यावर अभिमनचं मॉड्यूल शांतपणे मोजत होतं. लागोपाठचे सगळे मिळून एक.

“रोजना शे,” भोकातून सुपडूचा आवाज आला. तो कुणाला तरी समजावून सांगत होता. “लोखंड शे ते. थंड व्हस तव्हय वाजस. आमना रुपचंदभाऊनीच सांगं.”

हजेरी १. वजा १. बाकी ०. खिळा ०.

तो दारापर्यंत पोचला तेव्हा कडी पडली. दिवा गेला. पडदा गेला.

८

अंधारात फक्त ती तळहाताएवढी काच उजेडाची होती. त्यानं काचेला डोळा लावला, आणि काचेवर अंगठी आपटत राहिला.

बाहेर मांडव उन्हानं पांढरा झाला होता. लोक टाळ्या वाजवत होते, काचेतून आवाज येत नव्हता. आबांच्या गळ्यात हार होता. रतिलालभाऊ कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवून त्याला पुढे आणत होते. त्या माणसाची पाठ दाराकडे होती. अंगात रुपचंदसारखा फिकट निळा सदरा, काखेत वही. उजव्या हातात तो बिल्ला खेळवत होता. पुष्पाबाई त्याच्याकडे बघून हसली आणि काहीतरी म्हणाली. सुपडूनं त्याला रामराम केला. त्यानं हात जोडून परत रामराम केला.

मग तो ऑफिसच्या पायऱ्यांकडे वळू लागला. चेहरा दिसणार, एवढ्यात रुपचंदच्या श्वासानं काच धुरकटली. त्यानं बाहीनं पुसली. पायऱ्यांवर कोणी नव्हतं.

तो चाचपडत टेबलाशी आला. कीबोर्ड सापडला. सर्व्हर बंद पाडायची आज्ञा त्याला पाठ होती. आज सर्व्हर बंद पडला की सगळे धावत इथेच येणार होते. एकेक अक्षर मोजून, चूक होऊ न देता, त्यानं ती अंधारात टाइप केली, आणि शेवटची कळ दाबली.

जाळीतल्या डब्याची घरघर थांबल्यासारखी झाली. तो श्वास रोखून उभा राहिला.

मांडणीच्या दुसऱ्या टोकाचं लोखंड, कुणी टेकावं तसं, बारीक कुरकुरलं.

९

१७ मे १९९९, सोमवार. सकाळी वीज एक तास नव्हती. दुपारी पारा शेहेचाळीसवर. वारा पडलेला. आभाळ निरभ्र.

दुपारी १.४० ला चेअरमन आबांच्या हस्ते उद्घाटन झालं. ‘हजेरी’ व ‘कुलूप’ एकत्र चालवले. खोली ४ : हजेरी १, वजा १, बाकी ०. खिळा ०. कडी पडली. बिल्ला क्र. ३१ फळ्यावर परत लावला.

निकाल : सर्व्हर बंद पडला नाही.